म्हसळ्याची वेळ

रास अल खैमात रात्री दोनला
मला मराठी येते म्हणून मला उठवलं.
एरवी अरबी, मल्याळम, उर्दूवर भागतं.
पाण्याचा टँकर चालवणारा माणूस, वय एकेचाळीस,
सिमेंट फॅक्टरीच्या गेटापाशी
गाडी नीट कडेला घेऊन, हँडब्रेक ओढून
स्टिअरिंगवर डोकं टेकलेला सापडला.
मेंदूत रक्त.
नियाज उकये. मुक्काम म्हसळा.

दोन डॉक्टरांनी, सहा तासांच्या अंतरानं,
बुबुळावर उजेड पाडला, कानात बर्फाचं पाणी सोडलं,
मशीन थांबवून दहा मिनिटं छातीकडे बघत राहिले.
छाती हलली नाही.
कागदावर वेळ लिहिली.
आणि मशीन परत लावलं.

इथून पुढे माझं काम.
माझं काम म्हणजे क्रियापदं.

"हात गरम आहेत का त्यांचे?"
आहेत.
"श्वास?"
मशीन देतंय.
"मंग आहेत म्हणा ना."

माझी जिंतूरची मराठी, तिची म्हसळ्याची,
मधे दीड तासाचा फरक आणि हलणारा व्हिडिओ.
'आहेत' आणि 'होते' यांच्या मधे
एका बाईला उभं राहायला जागा
कुठल्याच व्याकरणात ठेवलेली नाही.
ते गेलेत, तस्नीमबाई, मी म्हणाले.
हात गरम आहेत, आणि ते गेलेत.

दान हा शब्द मी टाळते.
दान म्हटलं की समोरच्याला मोठं व्हावं लागतं,
तिला तर नुसतं भिंतीला टेकून बसायचं होतं.
एवढंच विचारलं: द्यायचं का?

थोरल्या दिरानं फोन घेतला,
मशिदीत विचारून अर्ध्या तासात सांगतो म्हणाला.
दोन तास गेले. तेवढ्यात दोनदा
त्याचा रक्तदाब ढासळला, दोनदा सावरला.
मग तीच बोलली.
"डोळे नको. बाकीचं द्या.
कुणाची वस्तू अडवून ठेवणारे नव्हते ते."
नव्हते.
काळ तिनंच बदलला.

अबू धाबीतल्या एका खोलीत यादी उघडली.
यादीला नाव दिसत नाही, पासपोर्टचा रंग दिसत नाही,
कोण मालक, कोण त्याचा ड्रायव्हर, दिसत नाही.
रक्तगट दिसतो. छातीची रुंदी.
किती दिवस वाट पाहिली, तो आकडा.
मला मात्र सगळं दिसतं,
म्हणूनच यादी माझ्या हातात देत नाहीत.

हृदयाला चार तास, यकृताला बारा,
मूत्रपिंडं दिवसभर धीर धरतात.
पहाटे छतावरून हेलिकॉप्टर उठलं,
दुबईच्या रस्त्यावर पोलिसांनी एक लेन मोकळी केली.
डब्यांना कुणी कुठे थांबवलं नाही.

थांबवलं ते त्याला.
पोलिसांचा दाखला, व्हिसा रद्दचा शिक्का,
वकिलातीचा कागद, कार्गोचा नंबर.
पाचव्या दिवशी, कुठेतरी,
कुणीतरी उशीला टेकून बसलं असेल,
सूप आळणी आहे म्हणून कुरकुरलं असेल,
आणि हा शीतगृहात, एका सहीसाठी.

त्या रात्री मी दुसरीही एक यादी केली होती.
मोबाइल, काच तडकलेला. चौतीस दिरहम.
टँकरची किल्ली, ती कंपनीची.
मुलीच्या वहीतलं पान, चार घड्या:
बुटांचं माप, पेन्सिलीनं काढलेलं पाऊल.
मनगटी घड्याळ एक.

कुणाला काय गेलं, हे तिनं विचारलं नाही.
विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं, नियम आहे.
तिनं दुसरी यादी पुन्हा वाचायला लावली,
हळू. मग म्हणाली,
"घड्याळ चालू आहे का?"

मी पिशवी उघडली.
चालू आहे, म्हणाले.
माझ्या भिंतीवर पाच दहा.
त्याच्यात सहा चाळीस.
"हां," ती म्हणाली. "बरोबर आहे."